बाराव्या प्रकरणाची दोन पानं

"पहिले इचारून येतो, भाऊ. मंग छापू."

प्रूफ हातात दिलं की हा माणूस एवढंच म्हणायचा. चष्मा लावायचा नाही, पहिली ओळसुद्धा वाचायचा नाही. कागदांची चळत उभी दुमडून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालायची, पिशवी शर्टाच्या आत पोटाशी ठेवायची आणि जाता जाता माझ्या टेबलावरचं स्टॅम्प पॅड उचलायचं. "हे बी नेतो दोन रोज." झालं. गेला.

कोणाला विचारणार, असं मी पहिल्या पुस्तकापासून विचारत आलो. उत्तर म्हणून तो हसायचा. वरचे दोन दात थोडे पुढे, आणि हसला की डोळे मिटायचे. डोळे मिटून हसणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही. तुमचा असेल तर असो.

तोंडावर मी त्याला पास्टरजी म्हणायचो, अहोजाहो करायचो, चहा पाजायचो. मनात मात्र 'हा'. इथे लिहायला बसलोच आहे तर मनातलंच लिहितो.

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेला लागून माझं प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावती बुकं, जयंतीचे बॅनर, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते. मागे घर. प्रेस आणि घराच्या मधे ओसरी, आणि ओसरीवर खांबाला टेकून बसलेली माझी आई. प्रेसमध्ये येणारा प्रत्येक माणूस तिच्या नजरेखालून जातो. माणूस कागद कसा धरतो यावरून मी त्याची जात नाही, पण नियत ओळखतो, असा माझा दावा होता. निवडणुकीत कोण पडणार हे मी पत्रकाच्या मजकुरावरून सांगत असे. निम्म्या वेळा चुकत असे, पण ते कोण लक्षात ठेवतो!

याची नियत मात्र मला काही केल्या कळेना, आणि तेच मला खुपायचं.

हा आधी कोण होता माहीत आहे? प्रॉम्प्टर. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईला नाटक पाहिजेच. नट संध्याकाळी गाडीतून उतरतात, तोंडाला रंग लावतात आणि उभे राहतात. संवाद पाठ आहेत कोणाला! पडद्याआड एक माणूस वही घेऊन बसतो. तो हळूच वाक्य सांगतो आणि पुढचा नट ते ओरडून, छाती बडवून म्हणतो. हजार माणूस रडतं. रडवणारा पडद्याआड. हे काम यानं पंधरा वर्षं केलं. मग छातीचा आजार झाला, एका मिशनच्या दवाखान्यात सहा महिने पडून राहिला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून हा त्याला बायबल वाचून दाखवायचा. दुसऱ्याला वाचून दाखवता दाखवता स्वतःच विश्वास ठेवून बसला. हे तोच सांगायचा, आणि वर म्हणायचा, "म्हाताऱ्यावर काही असर झाला नाही भाऊ. तो शेवटपर्यंत मारुतीचंच नाव घे. मीच अटकलो."

पुढे शिकून पास्टर झाला. टिनाच्या छपराचं छोटं चर्च, मंडळी म्हणतात ती, पंचवीस-तीस घरांची. तिथेच राहिला असता तर माझा काही आक्षेप नव्हता. पण यानं पुस्तकं लिहिली, आणि ती खपली.

साधी खपली नाहीत. 'ओसरीवरच्या साक्षी' या पहिल्या पुस्तकाच्या आवृत्त्या मी मोजायच्या सोडून दिल्या. एकेका प्रकरणात एकेका माणसाचं दुःख, आणि तेही आपल्या बोलीत, जसं ओसरीवर बसून सांगावं तसं. देवाचं नाव शेवटी कुठे तरी एकदा, तेही दबकत. ख्रिस्ती घरांत तर ते होतंच, पण एसटी स्टँडवर, बचत गटाच्या बायकांत, आमच्या विहारात येणाऱ्या मास्तरणीच्या पर्समध्येसुद्धा मी ते पाहिलं. नागपूरहून, रायपूरहून फोन यायचे. एवढा खपणारा लेखक, आणि पायात रबरी स्लिपर, प्रवास एसटीनं. हे नाटक नाही तर काय?

"मागच्या पानावर फोटो टाका ना," मी एकदा म्हटलं.

"कायले? बोलनारा तो दुसरा. मी प्रॉम्प्टर."

बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल.

आता माझ्या संशयाला कारणं काय होती ती सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पहिलं कारण, प्रूफं. दोन दिवसांनी हा परत यायचा तो नवी, कोरी प्रत मागून घ्यायचा आणि माझ्यासमोर बसून लाल पेननं खाडाखोड करायचा. आपली नेलेली प्रत कधी दाखवायचा नाही. आणि खोडायचा काय, तर नेमका सगळ्यात चांगला मजकूर. आंबागडच्या एका बाईचं प्रकरण होतं. नवरा मोहफुलं वेचायला जंगलात गेला आणि अस्वलानं फाडला. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, रागात तिनं त्याला शिदोरी बांधून दिली नव्हती. माणूस उपाशी मेला, हे तिला आजवर डसतं. टाइप करताना मी दोनदा उठून तोंड धुऊन आलो. आणि यानं तो सगळा परिच्छेद खोडला.

"अहो, हे काहून काढलं? जीव होता त्याच्यात!"

"नाही म्हनते."

"कोण?"

हसला. डोळे मिटून.

वर कोणी तरी साहेब आहे, मी ठरवून टाकलं. मजकूर तिकडे पास होतो.

दुसरं कारण, स्टॅम्प पॅड. परत आलेलं पॅड मी एकदा उजेडात धरलं. शाईवर अंगठ्यांचे खळगे. एक नाही, दहा-बारा. काही लहान, बायकांचे. पास्टर, खेड्यातली न शिकलेली माणसं, आणि अंगठे! याचा अर्थ तुम्ही काय काढला असता? मी तोच काढला. हा माणूस माझं पॅड घेऊन गावोगाव धर्म बदलल्याच्या कागदांवर अंगठे घेत फिरतो आहे.

पुढच्या खेपेला तो गेला तसा मीही मोटरसायकल काढली. आंबागडला किल्ल्याखालच्या वस्तीत पोचलो आणि पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिलो. तो एका अंगणात बसला होता. समोर एक बाई. तो काही तरी वाचत होता, ती ऐकत होती, मधेच पदर डोळ्याला लावत होती. मग तिनं काही तरी म्हटलं, त्यानं मान हलवली. मग त्यानं पॅड पुढे केलं आणि तिनं कागदावर अंगठा दाबला.

आणखी काय पुरावा पाहिजे? मी तिथूनच परत फिरलो. तीस-चाळीस किलोमीटर मी स्वतःची पाठ थोपटत आलो.

आईला सांगितलं. तिनं सुपातले तांदूळ निवडत विचारलं, "अंगठा तिचा. तुले काहून दुखून राहिलं?"

"अवो आई, बाटवते तो लोकांले!"

"तुह्या आज्यानं दीक्षा घेतली तवा कोनाले इचाराले गेलता? आन मले कोन बाटवते? मी का बरनीतलं लोनचं हाव?"

आमच्या आजोबांनी घरातले देव नदीला दिले आणि बुद्धाची मूर्ती आणली, त्याचा आम्हाला अभिमान. आई पांढरं लुगडं नेसून प्रत्येक पौर्णिमेला विहारात जाणार म्हणजे जाणार. तिला धक्का लागेल असं मला वाटायचं नाही. पण हा प्रेसमध्ये आला की आधी ओसरीवर बसायचा, खांबाजवळ, तिच्या समोर. "माय, काय म्हनते गुडघा?" इथून सुरुवात. मग तासभर. बोलायची ती, ऐकायचा हा. ऐकणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. बोलणारा निदान आपलं काही तरी सांडतो.

आणि एक दिवस तो म्हणाला, "पुढच्या हप्त्यात दुर्गले सभा हाय माही."

आईनं कपबशी खाली ठेवली. "दुर्गले?"

मी आतून ऐकत होतो. माझे हात कीबोर्डवर थांबले.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. सांगायला मला आवडत नाही.

मला एक मोठी बहीण आहे. तीस वर्षांपूर्वी, आम्ही अड्याळला होतो तेव्हा, ती एका ट्रक ड्रायव्हरसोबत पळून गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा. तिकडे छत्तीसगडात दुर्गला जाऊन लग्न केलं आणि पत्ता कळवला. वडील नोकरीवाले, गावात मान असलेले. ते पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून निजले. मी बावीस वर्षांचा. माझं ठरत आलेलं लग्न या भानगडीत मोडलं आणि पोरं मला पाहून हसायची, म्हणून मी नुसता पेटलेला. तशात दिवाळी आली. मंडईला लेकी माहेरी येतात. आई म्हणाली, "तिले चिठ्ठी टाका. मंडईले ये म्हना." आईला अक्षर येत नाही. वडिलांनी मला आत बोलावलं, आंतर्देशीय पत्र पुढे टाकलं. म्हणाले, "लिही. या घरात पाऊल ठेवू नको. बस, एवढंच."

मी एवढं लिहिलं. मग खाली स्वतःच्या मनानं एक ओळ वाढवली. 'आईलाही तुझं तोंड पाहायचं नाही.'

बाहेर आलो तर आई दारात. "लिहिलं?" मी म्हटलं, "हो, बोलावलं तिला." तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, पदराखाली धरून अड्याळच्या बाजारात गेली आणि लाल डब्यात स्वतःच्या हातानं टाकलं. येताना खूश होती. मंडईच्या दिवशी तिनं वडे तळले आणि चूल विझली तरी दारातच बसून राहिली. पुढच्या मंडईलाही बसली. वडील वारले तेव्हा ताईला कळवू म्हणाली, तर पत्ता हरवला असं मी सांगितलं. हरवला नव्हता.

मी कोणाचे अंगठे चोरले नाहीत. मी आईच्या तोंडी वाक्य घातलं, आणि ते तिलाच टाकायला लावलं. आता तुम्हाला कळलं असेल की पडद्याआडून बोलणाऱ्या माणसाचा मला एवढा राग का होता.

तर हा दुर्गला जाऊन आला. आल्यावर ओसरीवरच्या बैठकी वाढल्या. एकदा पाहतो तर आईच्या कानात त्याच्या मोबाइलचे इअरफोन, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. हा शेजारी मान खाली घालून बसला आहे. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी आत येऊन बायकोला म्हटलं, "पाह्य, फोनवर प्रार्थना ऐकवून राहिला तो माह्या आईले." मला खरंच प्रार्थना वाटली का? खरं सांगू? तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग एका पौर्णिमेला आई विहारात गेलीच नाही. पांढरं लुगडं नेसून तयार झाली होती. तेवढ्यात हा आला, दुधाची पिशवी पोटातून काढली आणि दोघं बसले. मी भंडाऱ्याला कागद आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा तो निघून गेला होता आणि आई त्याच जागी, लुगडं न बदलता, खांबाकडे पाहत बसली होती.

"विहारात नाही गेली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "जेवून घे," म्हणाली. तिच्या अंगठ्याला निळी शाई होती.

मी खवळलो. "काय केलं तू? कायच्यावर अंगठा देल्ला? बाटवलं ना तुले त्यानं!"

"वरन गरम हाय," आई म्हणाली. "बस."

त्या दिवसानंतर तिनं मला कधी कमी वाढलं नाही की जास्त बोलली नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात गेली, त्याच्या पुढच्याही. बाटलेली बाई विहारात कशाला जाईल, हा हिशेब काही मला लागत नव्हता.

त्याच सुमाराला नव्या पुस्तकाचं हस्तलिखित आलं. तेरा प्रकरणं. अकराव्यानंतर एक कागद, वर नुसतं 'बारावं', खाली काही नाही.

"पान राहून गेलं का पास्टरजी?"

"राहून नाही गेलं. दोन पानं कोरी ठेवा."

"कोरी पानं सोळा पानाच्या फर्म्याच्या शेवटी राहतात. मधे नाही राहत. लोक म्हनतीन छपाई चुकली. शिव्या मले."

"राहू द्या भाऊ. त्याचं इचारनं बाकी हाय." आणि या वेळी तो हसला नाही. "तुमाले कवा टाइम हाय?"

"कायले?"

"बसाले. थोडं वाचून दाखवाचं होतं."

मी म्हटलं, जयंतीचे बॅनर सुरू आहेत. महिन्यानं त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, लग्नसराई आहे. तिसऱ्यांदा तो आला तो पिशवी हातातच घेऊन. माझ्या स्टुलावर बसला, कागद काढून मांडीवर सरळ केले. मी मशीनचा आवाज वाढेल असं काही तरी करत राहिलो. मग सरळ तोंडावर म्हटलं, "हे पाहा पास्टरजी, मले तुमच्या देवाचं काही आयकाचं नाही."

"देवाचं नाही भाऊ," तो म्हणाला.

मग कोणाचं, असं मी विचारायला हवं होतं ना? नाही विचारलं. त्यानं कागद पुन्हा उभे दुमडले, पिशवीत घातले. ओसरीवर जाऊन आईला काही तरी सांगितलं. आईनं फक्त मान हलवली.

पुस्तक निघालं, दोन पानं कोरी ठेवून. आणि काय सांगू, आधीच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त गाजलं! लोक फोन करून विचारायचे, बाराव्यात काय आहे? अड्याळचा एक दुकानदार खराब प्रत बदलून द्या म्हणून भांडत आला. मी दुसरी दिली. तीही उघडून पाहिली, तिथेही कोरं. मग म्हणाला, "राहू द्या, ठेवतो. मले बी काही लिहाचं हाय." लोक त्या पानांवर आपापलं लिहायला लागले. काहींनी तर लिहून परत पाठवलं.

"वा रे प्रॉम्प्टर," मी मनात म्हटलं, "कोऱ्या कागदावर पुस्तक खपवलं." एकदा तोंडावरही म्हटलं, "युक्ती झकास केली हो."

"युक्ती नाही भाऊ," तो म्हणाला. "अडचन हाय."

ते आमचं शेवटचं बोलणं.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी पास्टरजी गेले. सकाळी अड्याळच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत बाकावर बसले होते, बसल्या बसल्याच गेले. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा कळलं.

मातीला मी गेलो. जायला हवं म्हणून गेलो. आणि तिथली माणसं पाहून चक्रावलो. कपाळाला कुंकू लावलेल्या बायका, आमच्या समाजाची म्हातारी माणसं, जंगलकामावरचे मजूर, जीप करून आलेले. आंबागडची ती बाईही होती. मला राहवलं नाही. बाजूला जाऊन विचारलं, "बाई, पास्टर तुमचा अंगठा कायवर घेत?"

"माह्या गोष्टीवर," ती म्हणाली. "पुस्तकात टाकाच्या आंधी मले पुरी वाचून दाखवली. मी म्हटलं, बावा, शिदोरीचं काढून टाक. माह्या पोरी शाळेत जाते, त्या वाचतीन. त्यानं काढलं. पुन्हा वाचून दाखवलं. मंग म्हने, माय, आता अंगठा दे, म्हंजे मले याद राहीन का हे तू हो म्हटलेलं हाय." तिनं माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"काही नाही," मी म्हटलं. लाजेनं मला वर पाहवेना. इतकी वर्षं ते ज्यांना विचारायला जात होते, ते हे लोक. ज्याची गोष्ट, त्याला. तो साहेब माझ्या डोक्यात होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी प्रेसवर आल्या. हातात माझं स्टॅम्प पॅड आणि दुधाची एक पिशवी. "पॅड भाऊचं हाय, वापस द्याचं, असं सांगून ठेवलं होतं त्याईनं. आन हे बी तुमचंच म्हने. शर्टात होतं त्या दिवशी." त्या बसल्या नाहीत. ओसरीवर आईचे हात हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

पिशवीत चार कागद होते, उभे दुमडलेले, घामानं कडा पिवळ्या झालेल्या. त्यांचं अक्षर. वर 'बारावं'. मी पहिली ओळ वाचली आणि स्टुलावर बसलो. 'अड्याळच्या बाजारात एक लाल डबा आहे. एका बाईनं त्यात आपल्या पोरीसाठी बोलावणं टाकलं.'

पुढचं न वाचता मी शेवटचा कागद पाहिला. खाली तीन ओळी आखलेल्या. पहिलीवर 'माय', आणि समोर निळा अंगठा. दुसरीवर 'ताई', समोर सही, माझ्या बहिणीची, शाळेत शिकलेली तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. तिसरीवर 'भाऊ'. समोर जागा रिकामी.

तीनदा आले होते ते. मला विचारायला. दोघींनी हो म्हटलेलं असताना, मी ऐकलं नाही म्हणून त्यांनी ते छापलं नाही. माझं नावही तिथे नव्हतं, नुसतं 'भाऊ'.

कागद घेऊन मी ओसरीवर गेलो. आई खांबाला टेकून बसली होती. समोरची त्यांची जागा रिकामी होती. मी तिथे बसलो नाही, थोडा बाजूला बसलो.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"एक साल झालं. पुनवेच्या दिवशी वाचून दाखवलं त्यानं."

"आन तू काहीच नाही बोलली मले?"

"मी काहून बोलू? लिहिलं तू. तूच वाच."

"फोनवर... ते..."

"ताई होती तुही. दुसरं कोन राहीन? दुर्गले जाऊन हुडकलं त्यानं तिले." आई म्हणाली. "ये म्हटलं मी तिले. नाही येत म्हने. म्हने, ज्यानं नको म्हटलं त्यानं ये म्हटलं पाह्यजे." मग कागदांकडे बोट केलं. "वाच."

मी वाचायला लागलो. सगळं होतं. भिंतीकडे तोंड करून निजलेले वडील, पदराखालचं पत्र, विझलेली चूल. दुर्गचं घर होतं. तिथे ताईनं ते पत्र उघडलं आणि पाच महिन्यांचं पोट घेऊन दिवसभर जिन्यावर बसून राहिली, हेही होतं. माझ्याबद्दल एक वाईट शब्द नव्हता. 'भाऊ तेव्हा लहान होता,' एवढंच होतं. बावीस वर्षांचा माणूस लहान नसतो, हे त्यांना काय माहीत नव्हतं? हे मात्र त्यांनी आपल्या पदरचं घातलं असेल, किंवा आईनं सांगून घालायला लावलं असेल. मी वाचत होतो आणि रडत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मग पत्र आलं. वडिलांची ओळ मी वाचली. पुढची माझी होती. तिथे मी अडलो. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, शब्द समोर होते पण तोंडातून निघेनात.

आई पुढे वाकली आणि ज्या बाईला आयुष्यात अक्षर आलं नाही, तिनं पडद्याआडून सांगतात तसं, हळूच, मला ती ओळ सांगितली.

"आईलाही तुझं तोंड पाहायचं नाही."

मी तिच्यामागून म्हटली. पूर्ण म्हटली.

आईनं पॅडचं झाकण उघडून माझ्यापुढे सरकवलं. मला सही येते, सगळ्या जिल्ह्याच्या पत्रिका मी छापतो, पण मी अंगठाच दाबला. आईनं कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, तिन्ही ओळी पाहिल्या आणि मांडीवर ठेवला.

"दिवाळी आठ रोजावर हाय," ती म्हणाली. "तिले फोन लाव. मंडईले ये म्हन. तूच म्हन."